इटालियन ‘जाल्लो’ चित्रपटांचे आकर्षण : दृष्टी, पूर्वग्रह आणि रहस्य

बीजसंज्ञा : जाल्लो, रहस्यपट, साक्षीदार, पूर्वग्रह, इटालियन चित्रपट, हिंसेचे चित्रण

प्रस्तावना :

गुन्हा आणि गुन्ह्याचा उलगडा हा जगातील बहुतेक भाषांमधील लोकप्रिय साहित्याचा आवडता विषय आहे. बाबूराव अर्नाळकर यांच्या रहस्यकथांमुळे मराठी वाचकालाही या प्रकाराची ओळख फार पूर्वीपासून आहे. रहस्यकथेचे आकर्षण ‘खुनी कोण?’ या एका प्रश्नात सामावलेले असते, असे सामान्यतः मानले जाते. हा प्रश्न सुटला की वाचकाचे कुतूहल शमते आणि पुस्तक मिटले जाते.

१९६० आणि १९७० या दशकांत इटलीत निर्माण झालेल्या ‘जाल्लो’ नावाच्या खूनपटांना मात्र हे स्पष्टीकरण पुरेसे ठरत नाही. या चित्रपटांतील उलगडा पुष्कळदा ओढूनताणून आणलेला असतो. खुन्याचा हेतू पटण्याजोगा नसतो आणि पोलीस बहुधा निष्प्रभ असतात. केवळ तर्काच्या कसोटीवर पाहिले तर यांतील अनेक चित्रपट सामान्य दर्जाचे ठरतील. असे असूनही शेवट ठाऊक असलेले प्रेक्षक ते पुन्हा पुन्हा पाहतात आणि अर्धशतक उलटल्यानंतरही जगभर त्यांचा अभ्यास होतो. हे आकर्षण नेमके कशात आहे, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. जाल्लोचे खरे रहस्य खुन्याच्या ओळखीत नसून साक्षीदाराच्या पाहण्यात आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे. विवेचनाच्या सोयीसाठी काही चित्रपटांचे शेवट उघड करणे अपरिहार्य ठरले आहे.

१. संज्ञा आणि पूर्वपीठिका :

इटालियन भाषेत ‘जाल्लो’ या शब्दाचा अर्थ ‘पिवळा’ असा आहे. मराठीत ‘पिवळी पुस्तके’ म्हटले की अश्लील साहित्य डोळ्यांपुढे येते. इटलीत मात्र पिवळा रंग गुन्हेकथेचा मानला जातो. या अर्थाचे मूळ प्रकाशनव्यवसायात आहे. मोंदादोरी या प्रकाशनसंस्थेने १९२९ मध्ये ‘इ लिब्री जाल्ली’ म्हणजे ‘पिवळी पुस्तके’ ही माला सुरू केली. अमेरिकन लेखक एस. एस. व्हॅन डाइन यांच्या कादंबरीच्या अनुवादाने तिचा आरंभ झाला. पिवळ्या मुखपृष्ठांची ही स्वस्त पुस्तके इतकी लोकप्रिय झाली की रंगाचे नाव हेच वाङ्मयप्रकाराचे नाव बनले. आजही इटलीत कोणत्याही रहस्यकथेला ‘जाल्लो’ म्हणतात. इटलीबाहेर मात्र ही संज्ञा एका विशिष्ट धाटणीच्या खूनपटांपुरती वापरली जाते आणि प्रस्तुत लेखात ती याच अर्थाने योजली आहे.

मालेत आरंभी अनुवादांचाच भरणा होता. १९३१ मध्ये आलेस्सांद्रो वाराल्दो यांच्या कादंबरीने त्यात इटालियन लेखकाचा प्रवेश झाला. पुढे आउगुस्तो दे आंजेलिस यांनी मिलान शहराच्या पार्श्वभूमीवर आयुक्त दे विंचेन्झी हा तपास अधिकारी निर्माण करून देशी रहस्यकथेला प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु फॅसिस्ट राजवटीला ही लोकप्रियता खुपत होती. शिस्तबद्ध आणि सुखी राष्ट्राचे जे चित्र सत्ताधारी रंगवीत होते, त्यात खून, संशय आणि गुप्त पापे यांना जागा नव्हती. १९४१ मध्ये ही माला बंद पडली. फॅसिझमविरोधी म्हणून तुरुंगवास भोगलेल्या दे आंजेलिस यांचा १९४४ मध्ये एका फॅसिस्टाने केलेल्या मारहाणीनंतर मृत्यू झाला. युद्धानंतर माला पुन्हा सुरू झाली. हा इतिहास एवढ्यासाठी महत्त्वाचा की, वरवर नीटनेटक्या दिसणाऱ्या व्यवस्थेच्या आत काहीतरी दडलेले आहे, हा जाल्लोचा मूळ विचार इटलीत कधीच निरुपद्रवी नव्हता.

२. चित्रपटरूपाची घडण :

जाल्लो चित्रपटाचा आरंभ सामान्यतः मारिओ बावा यांच्या ‘ला रागात्सा के सापेवा त्रोप्पो’ म्हणजे ‘अधिक ठाऊक असलेली मुलगी’ या १९६३ मधील कृष्णधवल चित्रपटापासून मानला जातो. जाल्लो कादंबऱ्यांचे वेड असलेली एक अमेरिकन तरुणी रोमला येते आणि स्पॅनिश पायऱ्यांच्या प्रसिद्ध चौकात रात्री एक खून पाहते, अशी ही कथा आहे. पुढच्याच वर्षी बावा यांनी ‘सेई दोन्ने पेर लासास्सीनो’ म्हणजे ‘खुन्यासाठी सहा स्त्रिया’ हा रंगीत चित्रपट केला. फॅशनच्या उंची पेढीत एकामागून एक खून होतात. खुनी काळा कोट, काळे हातमोजे आणि चेहरा पुसून टाकणारा पांढरा मुखवटा वापरतो. मूळचे छायालेखक असलेल्या बावा यांनी लाल, निळ्या, हिरव्या प्रकाशाने सजवलेली ही दृश्ये पुढील सर्व जाल्लो चित्रपटांसाठी वस्तुपाठ ठरली.

या प्रकाराला व्यापारी यश मात्र दारिओ आर्जेंतो यांच्या पहिल्याच चित्रपटाने मिळवून दिले. ‘लुचेल्लो दाल्ले प्युमे दि क्रिस्ताल्लो’ म्हणजे ‘स्फटिकाच्या पिसांचा पक्षी’ हा चित्रपट १९७० मध्ये प्रदर्शित झाला. अमेरिकन लेखक फ्रेडरिक ब्राउन यांच्या १९४९ मधील कादंबरीचा त्याला आधार होता, जरी श्रेयनामावलीत तिचा उल्लेख नव्हता. छायालेखन वित्तोरिओ स्तोरारो यांचे, तर संगीत एन्निओ मोर्रिकोने यांचे होते. या यशानंतर जाल्लो चित्रपटांची लाट आली. सर्जिओ मार्तिनो, लुचो फुल्ची, आल्दो लादो, मास्सिमो दाल्लामानो, उंबेर्तो लेन्झी आदी दिग्दर्शकांनी १९७१ ते १९७५ या काळात या प्रकारात विपुल निर्मिती केली. आर्जेंतो यांचे अनुकरण एवढे झाले की पक्षी, मांजर, माशी, पाल, कोळी असे प्राणी चित्रपटांच्या नावांत जागोजागी दिसू लागले.

या लाटेमागे इटालियन चित्रपटव्यवसायाची रचना होती. १९५५ मध्ये इटलीत सुमारे ८२ कोटी तिकिटे विकली गेली आणि १९७० च्या सुमारासही हा आकडा ५० कोटींच्या वर होता. मोठ्या शहरांतील महागडी चित्रपटगृहे, त्यानंतर दुसऱ्या फेरीची आणि शेवटी खेड्यांतील व उपनगरांतील तिसऱ्या फेरीची स्वस्त चित्रपटगृहे अशी उतरंड होती. मिकेल कोव्हेन या अभ्यासकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात जाल्लोचा संबंध या तिसऱ्या फेरीच्या प्रेक्षकाशी जोडला आहे. हा प्रेक्षक चित्रपट एकाग्रतेने पाहीलच असे नसे. तो गप्पा मारी, उशिरा येई, मधेच बाहेर जाई. त्याचे लक्ष पडद्याकडे खेचून घेण्यासाठी ठरावीक अंतराने एखादे जबरदस्त दृश्य लागे. जाल्लोची कथा सैल आणि खुनाची दृश्ये मात्र कमालीची बांधेसूद का, याचे एक उत्तर येथे मिळते. तथापि, रिकाम्या घरात एकट्याने चित्रपट पाहणाऱ्या आजच्या प्रेक्षकालाही तो का खिळवून ठेवतो, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

३. आकर्षणाची बाह्य अंगे :

जाल्लोचे प्रथमदर्शनी आकर्षण इंद्रियगोचर आहे. त्यात रंग, वस्त्रे, वास्तू, फर्निचर आणि संगीत यांची रेलचेल असते. रोम, तोरिनो, व्हेनिस, व्हिएन्ना, लंडन अशी शहरे, विमानतळ, आधुनिक सदनिका, कलादालने यांतून तत्कालीन युरोपातील नव्या समृद्धीचे दर्शन घडते. गरीब खेड्यातील प्रेक्षकाला हे जग हेवा वाटण्याजोगे होते आणि त्या जगातील माणसे एकामागून एक मारली जात होती, हा विरोधाभासही लक्षणीय आहे.

ध्वनीचा विचारही स्वतंत्रपणे करावा लागतो. त्या काळी इटलीत चित्रीकरणाच्या वेळी ध्वनिमुद्रण क्वचितच वापरात येई. निरनिराळ्या देशांतील नट आपापल्या भाषेत बोलत आणि नंतर सर्व संवाद ध्वनिमुद्रणगृहात भरले जात. त्यामुळे आवाज आणि ओठ यांच्यात एक सूक्ष्म अंतर राही. आर्थिक सोयीतून आलेल्या या दोषाने जाल्लोला स्वप्नासारखा परकेपणा दिला. मोर्रिकोने यांनी एद्दा देल्लोर्सो यांचा शब्दरहित, अंगाईसारखा स्वर हिंसेच्या पार्श्वभूमीवर वापरला. ‘प्रोफोंदो रोस्सो’ म्हणजे ‘गडद तांबडा’ या १९७५ मधील आर्जेंतो यांच्या चित्रपटात खुनापूर्वी लहान मुलांचे गाणे ऐकू येते, तर ‘गॉब्लिन’ या वाद्यवृंदाचे रॉक संगीत दृश्याला वेग देते. निरागस स्वर ऐकू येताच भीती वाटावी, अशी प्रेक्षकाच्या कानाची उलटी शिकवण येथे होते.

कॅमेऱ्याचा उपयोगही वैशिष्ट्यपूर्ण आहे. अनेकदा प्रेक्षक खुन्याच्या डोळ्यांनी पाहतो. त्याला हातमोजे घातलेले हात दिसतात, चेहरा मात्र दिसत नाही. आर्जेंतो यांच्या चित्रपटांत हे हात पुष्कळदा स्वतः दिग्दर्शकाचेच असत. प्रेक्षकाला खुन्याची जागा मिळते, पण खुन्याची ओळख मिळत नाही. या अर्धवट ज्ञानातूनच जाल्लोचा खरा विषय सुरू होतो.

४. पाहणे आणि समजणे :

त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ मधील आपल्या निबंधात रहस्यकथेत दोन कथा असतात असे दाखवून दिले : एक गुन्ह्याची आणि दुसरी तपासाची. गुन्ह्याची कथा घडून गेलेली असते आणि ती वाचकापासून दडलेली असते; तपासाची कथा तिला हळूहळू उजेडात आणते. जाल्लोमध्ये या रचनेत एक मूलभूत बदल झाला आहे. येथे गुन्ह्याची कथा दडलेली नसते. साक्षीदाराने ती पाहिलेली असते आणि प्रेक्षकानेही त्याच्याबरोबर पाहिलेली असते. तपास बाहेरच्या जगाचा नसून स्वतःच्या स्मृतीचा असतो.

‘स्फटिकाच्या पिसांचा पक्षी’मधील आरंभीचा प्रसंग या दृष्टीने अभ्यसनीय आहे. रोममध्ये राहणारा अमेरिकन लेखक सॅम रात्री रस्त्याने जात असता काचेच्या भिंतींच्या कलादालनात पांढऱ्या वेषातील एक स्त्री आणि काळ्या वेषातील एक व्यक्ती यांची सुऱ्यासाठी झटापट पाहतो. मदतीला धावलेला सॅम दोन काचेच्या दारांमध्ये अडकतो. त्याला सर्व दिसते. पण ऐकू येत नाही आणि काही करताही येत नाही. जखमी स्त्री वाचते. आपण पाहिलेल्या दृश्यात काहीतरी विसंगत होते, ही जाणीव मात्र सॅमला सोडत नाही. अखेरीस कळते ते असे की सुरा त्या स्त्रीच्याच हातात होता. काळ्या वेषातील पुरुष तिचा पती होता आणि तो तिला आवरण्याचा प्रयत्न करीत होता.

सॅमचे डोळे कमकुवत नव्हते, प्रकाशही पुरेसा होता आणि काच पारदर्शक होती. तरीही तो चुकला, कारण ‘पुरुष आणि स्त्री झगडत असतील तर पुरुष हल्लेखोर आणि स्त्री बळी’ हे वाक्य त्याच्या मनात आधीच लिहिलेले होते. डोळ्यांनी जे दिले ते मनाने त्या वाक्यात बसवून घेतले. प्रेक्षकही हाच अर्थ लावतो. त्याला कोणी फसवलेले नसते. चित्रपट पुन्हा पाहताना प्रेक्षकाला खुनी ठाऊक असतो आणि तो आता स्वतःच्या चुकीचा क्षण शोधत असतो. जाल्लो पुन्हा पाहण्यातील आनंदाचे मर्म हेच होय.

ही रचना केवळ एका चित्रपटापुरती मर्यादित नाही. बावा यांच्या १९६३ मधील चित्रपटातही नायिका एका पुरुषाला मृत स्त्रीच्या पाठीतून सुरा काढताना पाहते आणि त्यालाच खुनी समजते; वस्तुतः खुनी त्याची पत्नी असते. १९६४ मधील चित्रपटात तपास अधिकारी पेढीशी संबंधित सर्व संशयित पुरुषांना कोठडीत डांबतो आणि त्याच काळात आणखी एक खून होतो, कारण खुनी दोन असून त्यांपैकी एक स्त्री असू शकते हे त्याच्या गणितातच नसते. ‘गडद तांबडा’मध्ये तर या पूर्वग्रहाची उघड थट्टा आहे. संगीतशिक्षक मार्कस स्त्रिया दुबळ्या असतात असे ठासून सांगतो आणि पत्रकार जान्ना त्याला पंजा लढवण्याच्या खेळात हरवते. पुढे उलगडणाऱ्या रहस्याची किल्ली या विनोदी प्रसंगात ठेवलेली असते.

याच चित्रपटात दृष्टीचा प्रश्न सर्वांत धीटपणे मांडला आहे. खून झालेल्या घरातील विचित्र चित्रांनी भरलेल्या मार्गिकेतून मार्कस धावत जातो. नंतर त्याला वाटते की तेथील एक चित्र नाहीसे झाले आहे. संपूर्ण चित्रपटभर तो या हरवलेल्या चित्राचा माग काढतो. शेवटी कळते की ते चित्र नव्हतेच. तो आरसा होता आणि त्यात खुन्याचा चेहरा दिसला होता. विशेष म्हणजे पहिल्या वेळी कॅमेरा त्या मार्गिकेतून जाताना तो चेहरा पडद्यावर क्षणभर खरोखर दिसतो. प्रत्येक प्रेक्षकाने खुनी पाहिलेला असतो आणि जवळजवळ कोणीही त्याला ओळखलेले नसते. एका जुन्या वाड्याच्या भिंतीवरील गिलावा खरवडून मार्कस लहान मुलाने काढलेले चित्र उघडे करतो. परंतु तो निघून गेल्यावर गिलाव्याचा आणखी एक तुकडा पडतो आणि चित्रातील उरलेली आकृती फक्त प्रेक्षकाला दिसते. सत्य समोर असते, पण पाहणारा वेळेआधीच समाधानी होऊन निघून गेलेला असतो.

मार्कसच्या भूमिकेसाठी डेव्हिड हेमिंग्ज यांची निवड झाली, हेही अर्थपूर्ण आहे. मिकेलांजेलो आंतोनिओनी यांच्या १९६६ मधील ‘ब्लो-अप’ या चित्रपटात हेमिंग्ज यांनीच एका छायाचित्रकाराची भूमिका केली होती. आपण टिपलेल्या छायाचित्रात खून दडला आहे, असे त्याला छायाचित्र मोठे करताना आढळते. गंभीर कलात्मक चित्रपटाने उपस्थित केलेला तोच प्रश्न जाल्लोने स्वस्त चित्रपटगृहातील प्रेक्षकापर्यंत नेला, असे म्हणता येईल.

५. समूहाचा पूर्वग्रह :

साक्षीदार एक व्यक्ती असेल तर चुकीची किंमत मर्यादित राहते. संपूर्ण गाव साक्षीदाराच्या भूमिकेत गेले तर काय होते, हे लुचो फुल्ची यांच्या १९७२ मधील ‘नोन सि सेवित्सिया उन पापेरीनो’ या चित्रपटात दिसते. ‘बदकाच्या पिल्लाला छळू नये’ असा या नावाचा अर्थ असून ‘पापेरीनो’ हे डोनाल्ड डक या पात्राचे इटालियन नावही आहे. दक्षिण इटलीतील एका कल्पित खेड्यात लहान मुलांचे खून होऊ लागतात. उंच पुलावरून नवा महामार्ग जातो. खाली गाव मात्र जुन्या समजुतींत जगते. गावकऱ्यांचा संशय प्रथम एका मंदबुद्धी माणसावर, नंतर चेटूक करणाऱ्या एका स्त्रीवर आणि शहरातून आलेल्या एका स्वैर तरुणीवर जातो. पोलीस चेटकीण समजल्या गेलेल्या स्त्रीला निर्दोष म्हणून सोडतात, परंतु गावातील पुरुष तिला स्मशानभूमीत साखळ्यांनी मारतात. रक्तबंबाळ अवस्थेत ती सरपटत महामार्गापर्यंत पोहोचते; मोटारी तिच्यासमोरून निघून जातात, एकही थांबत नाही. खरा खुनी असतो गावातील तरुण, सुशील आणि सर्वांचा लाडका धर्मगुरू.

येथेही सर्वांनी सर्व पाहिलेले असते. संशय मात्र परक्यावर, दुबळ्यावर आणि रूढी मोडणाऱ्यावर जातो, तर विश्वास झग्यावर बसतो. ‘खुनी कोण?’ या प्रश्नाच्या जागी ‘आपण खुनी कोणाला समजलो आणि का?’ हा प्रश्न येतो. त्यामुळेच हा चित्रपट जाल्लो प्रकारातील सर्वांत सामाजिक आशयाचा चित्रपट मानता येईल. १२ डिसेंबर १९६९ रोजी मिलानमधील प्याझ्झा फोंताना येथील बँकेत बाँबस्फोट झाला. त्याचा संशय आरंभी अराजकवाद्यांवर घेतला गेला आणि चौकशीदरम्यान जुझेप्पे पिनेल्ली या अराजकवादी रेल्वे कामगाराचा पोलीस मुख्यालयाच्या खिडकीतून पडून मृत्यू झाला. पुढे या स्फोटाची जबाबदारी अतिउजव्या गटावर असल्याचे न्यायालयीन तपासातून पुढे आले. जाल्लो चित्रपट या घटनांवर भाष्य करीत नाहीत. परंतु चुकीच्या माणसाकडे वळलेले बोट हा त्या काळातील इटालियन प्रेक्षकाच्या दैनंदिन अनुभवाचा भाग होता, हे लक्षात घेतले पाहिजे.

पाहिलेल्या गोष्टीवरील विश्वासाचे एक उदाहरण पडद्याबाहेरही घडले. फुल्ची यांच्या १९७१ मधील एका चित्रपटात पोट फाडलेल्या कुत्र्यांचे दृश्य होते. ते इतके खरे वाटले की प्राण्यांवर प्रत्यक्ष क्रौर्य केल्याच्या आरोपावरून प्रकरण न्यायालयात गेले. विशेष दृश्यपरिणामांचे तज्ज्ञ कार्लो राम्बाल्दी यांनी आपण बनवलेले कृत्रिम कुत्रे न्यायालयात सादर केले, तेव्हा या आरोपाचे निराकरण झाले.

६. हिंसेचे सौंदर्यीकरण : एक गंभीर आक्षेप :

जाल्लोच्या आकर्षणाची चर्चा त्यातील स्त्रियांवरील हिंसेला वगळून करणे अप्रामाणिक ठरेल. या चित्रपटांत तरुण, सुंदर स्त्रियांचे खून दीर्घ, रंगीत आणि सुरेल दृश्यांतून दाखवले जातात. पुरुषही मारले जातात. मात्र कॅमेरा त्यांच्या मृत्यूवर बहुधा तितका रेंगाळत नाही. लॉरा मल्वी यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात मुख्य प्रवाहातील चित्रपटाची दृष्टी पुरुषी असते आणि स्त्री ही पाहण्याची वस्तू बनते, असे प्रतिपादन केले. जाल्लोमध्ये पाहणारा डोळा आणि मारणारा हात एकाच बाजूला असतात, त्यामुळे हा आक्षेप येथे अधिकच तीव्र होतो.

त्या काळातील इटलीची परिस्थिती ध्यानात घेता हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा राहत नाही. पत्नीच्या व्यभिचाराला गुन्हा ठरवणारी तरतूद तेथील घटना न्यायालयाने १९६८ मध्ये रद्द केली. घटस्फोटाचा कायदा १९७० मध्ये झाला आणि १९७४ च्या सार्वमतात सुमारे ५९ टक्के मतदारांनी तो कायम राखला. ‘अब्रू’च्या कारणावरून पत्नी, मुलगी वा बहीण यांचा खून करणाऱ्यास सौम्य शिक्षा देणारे कलम मात्र १९८१ पर्यंत दंडसंहितेत होते. स्त्रीच्या स्वातंत्र्याविषयीचे कुतूहल, आकर्षण आणि भय ही तिन्ही त्या समाजात एकाच वेळी नांदत होती. सर्जिओ मार्तिनो यांच्या १९७१ मधील ‘श्रीमती वार्ध यांचा विचित्र दुर्गुण’ या चित्रपटात एद्विज फेनेक यांनी साकारलेली नायिका पती, प्रियकर आणि पूर्वीचा प्रियकर अशा तीन पुरुषांनी घेरलेली आहे. तिची भीती खरी असूनही ती मनाचा खेळ ठरवली जाते. असा चित्रपट स्त्रीच्या बाजूचा की विरुद्ध, याचे सरळ उत्तर देता येत नाही.

खुनी स्त्री निघाली म्हणून चित्रपट स्त्रीवादी होत नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. ‘स्त्री हिंसक असू शकत नाही’ हा एक पूर्वग्रह मोडताना हे चित्रपट ‘स्त्री हिंसक झाली तर ती वेडीच असणार’ हा दुसरा पूर्वग्रह उभा करतात. आर्जेंतो यांच्या पहिल्या चित्रपटाच्या अखेरीस मानसोपचारतज्ज्ञ खुनी स्त्रीच्या मनाचे जे स्पष्टीकरण देतो, त्यातून तिची समजूत कमी पटते आणि प्रेक्षकाची सुटका अधिक होते. जाल्लोची मर्यादा येथे आहे. साक्षीदाराच्या नजरेची तो कसून झडती घेतो. स्वतःच्या नजरेची झडती मात्र अर्ध्यावर सोडतो. म्हणून जाल्लोविषयीचे आकर्षण अस्वस्थतेपासून वेगळे काढता येत नाही. खुनाचे दृश्य सुंदर वाटले, या जाणिवेने प्रेक्षकाला अवघडल्यासारखे होत असेल तर चित्रपटाचे काम झाले असे समजावे. तसे होत नसेल, तर तो केवळ विकृत करमणूक ठरण्याचा धोका आहे.

७. उत्तरकाळ :

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात जाल्लोची लाट ओसरली. घटना न्यायालयाच्या १९७६ मधील निर्णयाने स्थानिक पातळीवर खासगी दूरचित्रवाणीला वाट मोकळी झाली आणि स्वस्त चित्रपटगृहांचा प्रेक्षक घरी बसला. ‘हॅलोवीन’ (१९७८) आणि ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ (१९८०) या अमेरिकन चित्रपटांनी जाल्लोतील काही घटक उचलले. परंतु चुकलेल्या साक्षीचे सूत्र त्यांनी बहुतांशी वगळले. खून उरले, शंका गेली. पुढे या चित्रपटांच्या चांगल्या प्रती डीव्हीडी व ब्लू-रे माध्यमांतून उपलब्ध झाल्या आणि नवा प्रेक्षक निर्माण झाला. बेल्जियममध्ये काम करणाऱ्या एलेन कॅते व ब्रूनो फोर्झानी यांचा ‘आमेर’ (२००९) आणि पीटर स्ट्रिकलंड यांचा ‘बर्बेरियन साऊंड स्टुडिओ’ (२०१२) हे चित्रपट या वारशाचे विचारपूर्वक पुनर्वाचन करतात. स्वतः आर्जेंतो यांनी २०२२ मध्ये ‘ओक्याली नेरी’ म्हणजे ‘काळा चष्मा’ हा चित्रपट केला. त्यातील नायिका दृष्टी गमावलेली आहे, ही गोष्ट त्यांच्या आयुष्यभराच्या विषयाशी सुसंगतच म्हणावी लागेल.

समारोप :

कान आणि डोळे यांत चार बोटांचे अंतर असते, असे मराठीत म्हणतात. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नये, प्रत्यक्ष पाहावे, हा त्यातील बोध आहे. जाल्लो चित्रपट या शहाणपणाच्या एक पाऊल पुढे जातात. डोळे आणि समज यांतही अंतर असते आणि ते पूर्वग्रहाने भरलेले असते, असे ते दाखवतात. पिवळ्या पुस्तकांपासून आलेला उलगड्याचा सांगाडा, स्वस्त चित्रपटगृहांच्या गरजेतून आलेली भडक दृश्ये आणि रंग-संगीताची मोहिनी ही त्यांच्या आकर्षणाची बाह्य अंगे होत. त्यांचे टिकाऊ आकर्षण मात्र प्रेक्षकाला सत्य आधीच दाखवून ते त्याच्या हातून निसटू देण्यात आहे. स्त्रियांवरील हिंसेच्या चित्रणामुळे हा प्रकार कायम वादग्रस्त राहील आणि तसा तो राहणे योग्यही आहे. तथापि, ‘मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले’ या वाक्याच्या बळावर माणसे निर्दोषांना दोषी ठरवत असतात, तोवर या चित्रपटांनी विचारलेला प्रश्न जुना होणार नाही.